बिघाड नेमका कुठे, हे लिहून द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : नांदेड-लातूरच्या घरांतले वाय-फायचे बिघाड आणि त्यांची न होणारी नोंद

महोदय,

नांदेडच्या तरोड्यात किंवा लातूरच्या औसा रोडवर घरातलं नेट अडलं, की पहिला फोन कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला जात नाही. तो जातो गल्लीत कनेक्शन जोडून देणाऱ्या पोराला. त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ‘नेटवाला’ म्हणून साठवलेला असतो. पलीकडून ठरलेला प्रश्न येतो : लाल लाईट लागली का? ‘नाही’ म्हटलं की ठरलेला सल्ला : राउटर बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. बऱ्याचदा नेट येतंही. संध्याकाळी पुन्हा अडतं. पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. आठवडाभराने घरातले म्हणतात कंपनीच बेकार, नेटवाला म्हणतो तुमचा राउटर गेला, आणि दोघांत कोण बरोबर हे ठरवायला कागदाचा एक कपटाही कुठे नसतो.

हे पत्र त्या कपट्यासाठी आहे.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. सेवा पुरवठादाराच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत किमान २ एमबीपीएस वेग मिळाला पाहिजे, असं ती सांगते. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती आणि २००४ च्या धोरणात २५६. प्राधिकरणाच्या शिफारशींमुळे हा आकडा वाढत गेला, हे चांगलंच झालं. पण व्यवहारात ‘ग्राहकापर्यंत’ म्हणजे भिंतीवरच्या डब्यापर्यंत. ग्राहक मात्र त्या डब्यापासून दोन खोल्या आत राहतो. तिथे त्याची मुलगी रेकॉर्ड केलेला तास बघते, तो स्वतः बँकेचं काम करतो, आजोबा नातवाशी व्हिडिओवर बोलतात. डब्यापासून मोबाइलपर्यंतच्या त्या तीस-चाळीस फुटांत काय घडतं, याची जबाबदारी कुणाचीच नाही. आणि त्याच तीस-चाळीस फुटांच्या आडोशाला डब्याच्या अलीकडचे, म्हणजे निखळ पुरवठादाराचे, बिघाडही लपून राहतात. खरी अडचण ही आहे.

मराठवाड्यातली घरं समजून घेतल्याशिवाय इथलं वाय-फाय कळत नाही. औसा, उदगीर, कंधार, देगलूर या जुन्या गावांत माळवदाची घरं अजून नांदती आहेत. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-दोन, कुठे तीन-तीन फूट रुंदीच्या भिंती. वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचा जाड थर. वैशाखातही आत गारवा असतो तो या दगडमातीमुळे. अशाच भिंती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली आणि तिथे सिमेंट-काँक्रीटची, पातळ भिंतींची घरं उभी राहिली. आज औशाच्या एखाद्या वाड्यातल्या ओसरीवर ठेवलेला राउटर माजघरापर्यंत पोचताना धापा टाकतो. तोच राउटर नव्या गावठाणातल्या घरात अंगणापर्यंत सिग्नल देऊ शकतो. कंपनी तीच, प्लॅन तोच, पैसे तेवढेच. फरक भिंतीचा आहे. पण कनेक्शन देताना भिंत किती जाड आहे हे कुणी विचारत नाही, कारण विचारायला लावणारा नियम नाही.

शहरातली नवी घरंही सोपी नाहीत. स्लॅबमधल्या सळयांची जाळी, गोदरेजचं लोखंडी कपाट, भिंतभर आरसा, गच्चीवरची पत्र्याची खोली : या सगळ्यांवर रेडिओ लहर आपटते आणि परत फिरते किंवा वाटेत मुरते. त्यात मार्चअखेर खिडकीत कूलर बसतो. पत्र्याची पेटी, आत पाणी आणि भिजलेल्या गवताच्या जाळ्या. धातू लहर परतवतो, पाणी ती शोषतं. राउटर समोरच्या खोलीत आणि अभ्यासाची खोली कूलरच्या पलीकडे असेल, तर थंडीत ठणठणीत चालणारं नेट एप्रिलमध्ये त्या खोलीत अडखळतं. घरातले समजतात उन्हाळ्यात कंपनीवर लोड येतो. कूलरकडे कुणाचं लक्ष जात नाही.

राउटर बसतो तरी कुठे? फायबर ज्या खिडकीतून आत येते तिथेच. टीव्हीच्या मागे, शोकेसच्या बंद कप्प्यात, नाहीतर दाराच्या चौकटीवर खिळ्याला टांगलेला. दहा-बारा मीटर जादा वायर टाकून घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, मोकळ्या हवेत तो बसवला, तर अर्ध्याअधिक तक्रारी उगवणारच नाहीत. जोडणाऱ्या पोराला हे ठाऊक असतं. पण त्याला दिवसात आणखी कितीतरी घरं करायची असतात आणि भिंत फोडायला घरमालक तयार नसतो. बंद कप्प्यातल्या राउटरला दुसराही त्रास आहे. बाहेर बेचाळीस अंश असताना शोकेसमधली हवा त्याहून तापते, आणि तापलेला राउटर आधी मंदावतो, मग स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होतो.

आता गर्दीबद्दल. वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्‌झचा. भारतात तो २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये खुला झाला. पहिला लांब पोचतो आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो. दुसरा वेगवान, पण एक-दोन भिंतींतच दमतो. २.४ मध्ये चॅनेल तेरा आहेत, पण एकमेकांवर न चढणारी तीनच : १, ६ आणि ११. लातूरमध्ये ट्यूशनच्या भागातली एखादी तीन मजली इमारत डोळ्यांसमोर आणावी. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय यांच्या नावाने अभ्यासाचा ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला, तेव्हापासून प्रवेश परीक्षांच्या, आता नीट आणि सीईटीच्या, तयारीसाठी मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातली लेकरं इथे खोल्या करून राहतात. प्रत्येक मजल्यावर चार-पाच राउटर, शेजारच्या इमारतीत तितकेच, समोर खानावळीचा एक, वर ब्लूटूथचे हेडफोन आणि खाली कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, जो याच २.४ च्या पट्ट्यात लहरी सोडतो. रात्री नऊला सगळी मुलं एकदम रेकॉर्ड केलेले तास लावतात. तीन वाटांवर पंचवीस-तीस राउटर. प्रत्येकजण दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघतो आणि व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. या वेळी फायबरमध्ये काडीचा दोष नसतो. नेटवाल्याने कनेक्शन तपासलं तर ते स्वच्छ दिसतं. विद्यार्थ्यालाही खोटं पाडता येत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे : राउटर ५ गिगाहर्ट्‌झवर चालवायचा, मोबाइल त्याच नावाला जोडायचा, आणि २.४ वापरावंच लागलं तर तीनपैकी सगळ्यांत मोकळं चॅनेल निवडायचं. पण त्यासाठी राउटरला ५ गिगाहर्ट्‌झ असायला हवं. स्वस्त जोडणीत मिळणारे कित्येक डबे एकपट्टीच, म्हणजे फक्त २.४ वर चालणारे, असतात. खोक्यावर ३०० एमबीपीएस छापलेलं असतं. तो आकडा राउटर आणि मोबाइल यांच्यातल्या आदर्श जोडणीचा असतो. खरा वेग सहसा त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली राहतो आणि गर्दीत तर आणखी घसरतो. म्हणजे ग्राहक १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतो, डब्यापर्यंत १०० येतातही, आणि मोबाइलवर ३०-४० दिसतात. एकपट्टी राउटरवर हा प्लॅन पूर्ण मिळणार नाही, हे विकणाऱ्याला माहीत असतं. घेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही, आणि प्राधिकरणाने सक्ती केल्याशिवाय सांगणारही नाही.

विजेचं प्रकरण वेगळंच आहे, आणि नांदेड-लातूरला ते सगळ्यांत जास्त छळतं.

राउटरला साधारण १२ व्होल्टचा छोटा ॲडॉप्टर असतो. बोअरची मोटार सुरू झाली की क्षणभर दिवे मंद होतात हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. त्याच क्षणी राउटर दचकून पुन्हा सुरू होऊ शकतो आणि सावरायला दोन-तीन मिनिटं घेतो. ज्या घरात ‘दर सकाळी सहाच्या सुमारास नेट जातं’ अशी तक्रार असते, तिथे मोटारीची वेळ आधी विचारावी. इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक गोष्ट तपासावी. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं : एका बाजूला साधी पद्धत, दुसऱ्या बाजूला यूपीएस पद्धत. लाईट गेल्यावर बॅटरीवर येताना साध्या पद्धतीत जो क्षणाचा खंड पडतो तो पंख्याला कळत नाही, राउटरला कळतो. बटण यूपीएसवर सरकवलं की खंड कमी होतो आणि राउटर जागा राहतो. मात्र ज्या भागात व्होल्टेज नेहमीच खाली असतं, तिथे यूपीएस पद्धतीतला इन्व्हर्टर मुख्य वीज नाकारून सतत बॅटरीवर पळतो आणि रात्री बॅटरी रिकामी होते. अशा घरांसाठी राउटरपुरता छोटा १२ व्होल्टचा बॅटरी-डबा वेगळा घेणं बरं. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर बॅटरी दोघांनाही लागते. एकालाच जोडून ‘बॅटरी असूनही नेट जातं’ म्हणणारी घरं कमी नाहीत.

ॲडॉप्टर जळाला की घरात पडलेला दुसरा लावला जातो. पिन बसते म्हणून चालतो असं वाटतं. ९ व्होल्टचा किंवा कमी अँपिअरचा ॲडॉप्टर दिवे पेटवतो. पण चार मोबाइल जोडले, काम वाढलं, की राउटर कोसळतो. दिवे लागलेले असल्यामुळे विजेवर संशयच येत नाही.

मग उरतो डब्याच्या अलीकडचा भाग, जो पूर्णपणे पुरवठादाराचा. फायबर विजेच्या खांबांवरून, झाडांतून, गच्च्यांच्या कठड्यांवरून येते. सिमेंट रस्त्याचं काम निघालं, जेसीबीचा दात लागला, माकडांनी झोका घेतला, वाऱ्याने ताणली, की ती तुटते. डब्यावर एलओएसचा, म्हणजे प्रकाश येत नसल्याचा, दिवा लाल होतो. हा बिघाड प्रामाणिक, कारण तो लपत नाही. त्रास देतो तो अर्धवट बिघाड : जॉइंट नीट बसला नाही, कनेक्टरच्या टोकावर धूळ बसली, खिडकीच्या फटीत फायबर काटकोनात दुमडली. प्रकाश येतो, पण क्षीण येतो. तांत्रिक भाषेत तो डीबीएममध्ये मोजतात. घरगुती फायबरवर तो उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असला तर चिंता नसते. उणे २७ च्या पलीकडे गेला की डबा अडखळू लागतो. लाल दिवा लागत नाही, नेट पूर्ण जातही नाही. दिवसातून दहा वेळा तुटतं आणि जुळतं. हा आकडा बहुतेक फायबरच्या डब्यांत स्वतःच दिसतो, राउटरच्या पानावर. त्या पानाचा पत्ता बऱ्याच राउटरवर १९२.१६८.१.१ असा असतो. ब्राउझरमध्ये तो टाकला की राउटर पासवर्ड मागतो.

आणि इथे ग्राहकाची वाट बंद होते. पासवर्ड त्याच्याकडे नसतो, जोडणाऱ्याकडे असतो. ग्राहक काहीतरी बिघडवेल अशी भीती त्यामागे आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. पण स्वतःच्या घरातल्या यंत्राचा आकडा ग्राहकाने स्वतः बघू नये, हे कसं चालेल? शिवाय सगळ्या घरांत तोच कारखान्याचा पासवर्ड ठेवणं धोक्याचं आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने जगभरातले असे कारखान्याच्या पासवर्डवर सोडलेले राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर अमेरिकेतली एक मोठी इंटरनेट यंत्रणा झोपवली गेली आणि कित्येक बड्या वेबसाइट तासन्‌तास बंद राहिल्या. जर्मनीने त्याच वर्षी १ ऑगस्टपासून कायदाच लागू केला : राउटर कोणता वापरायचा हे ग्राहक ठरवेल आणि जोडणीसाठी लागणारी सगळी माहिती पुरवठादाराने त्याला द्यायची.

बिघाड डब्याच्या अलीकडे की पलीकडे, हे दहा मिनिटांत ठरवता येतं. त्यासाठी इंजिनीअर व्हावं लागत नाही. आधी दिवे बघायचे : लाल असेल तर पुढे काहीच करायचं नाही, तक्रार नोंदवायची. दिवे हिरवे असतील तर मोबाइल घेऊन राउटरच्या शेजारी, तीन-चार फुटांवर उभं राहायचं आणि वेग मोजायचा. तिथे पूर्ण मिळाला आणि आतल्या खोलीत मिळाला नाही, तर दोष भिंतीचा, जागेचा किंवा गर्दीचा. शेजारी उभं राहूनही मिळाला नाही, तर लॅपटॉप असल्यास वायरने थेट जोडून पुन्हा मोजायचा. वायरवर पूर्ण मिळाला तर दोष राउटरच्या वाय-फायचा. वायरवरही कमी, तर आधी दुसरी वायर लावून बघायची, कारण आतली एखादी जोडी तुटलेली असली की वेग १०० वर अडकतो. तरीही कमीच आला तर दोष पुरवठादाराकडे, फायबरपासून त्यांच्या केंद्रापर्यंत कुठेही. सगळे दिवे हिरवे, वाय-फाय जोडलेलं, आणि एकही पान उघडत नाही, अशा वेळी बहुधा प्लॅन संपलेला असतो किंवा राउटरचं लॉगिन तुटलेलं. काही साइट उघडतात, काही अर्धवट लटकतात, हा विचित्र प्रकार दिसला तर राउटरमधला एमटीयूचा, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाच्या कमाल आकाराचा, आकडा बघायला सांगायचा : लॉगिनच्या पद्धतीने चालणाऱ्या जोडणीत तो सहसा १५०० नव्हे, १४९२ हवा. आणि घरात जुना राउटर ‘रेंज वाढवायला’ दुसऱ्या खोलीत वायरने जोडलेला असेल, तर त्याचं आयपी पत्ते वाटण्याचं काम बंद केलेलं आहे का हे तपासायचं. दोन राउटर एकाच घरात पत्ते वाटू लागले की कधी या मोबाइलचं नेट जातं, कधी त्या. वायरने जोडलेला दुसरा राउटर नीट बसवला तर उत्तमच. साधा बिनतारी एक्स्टेंडर मात्र एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा करतो.

‘बंद करून चालू करा’ हा सल्ला चुकीचा नाही. त्याने राउटरची भरलेली मेमरी रिकामी होते, लॉगिन नव्याने होतं, पत्ता नव्याने मिळतो, चॅनेलही नव्याने निवडलं जातं. चार वेगवेगळे आजार एकाच गोळीने दबतात. पण राउटर बंद केला की त्याच्या आत साठलेली नोंदही बऱ्याचदा पुसली जाते. लॉगिन कधी तुटलं, प्रकाश कधी घसरला, राउटर किती वेळा आपोआप सुरू झाला, हे सांगणारा पुरावाच नष्ट होतो. म्हणून आधी नोंद बघायची, मग बटण दाबायचं, एवढा साधा क्रम सेवा केंद्रांना बांधून द्यायला हवा.

महोदय, नियम नाहीत असं नाही. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनी प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायला लावलं, तो एसएमएसने कळवायला लावलं, समाधान झालं नाही तर विनाशुल्क अपील आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय अशी वाट आखली. २ ऑगस्ट २०२४ च्या सेवा गुणवत्ता नियमांनी, जे १ ऑक्टोबरपासून लागू झाले, घरगुती वायर-जोडणीतला बिघाड तीन दिवसांत निघाला नाही तर पोस्टपेड आणि प्रीपेड दोन्ही ग्राहकांना भरपाई ठरवली आणि नियम मोडणाऱ्यांचा दंड वाढवला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दूरसंचार ग्राहकाला ग्राहक आयोगाकडे जाता येतं हे स्पष्ट केलं. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे जिल्हा आयोग आहेत आणि सेवेसाठी दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क नाही.

पण या सगळ्याची सुरुवात तक्रार क्रमांकापासून होते, आणि पत्राच्या आरंभी सांगितलेल्या फोनला क्रमांक मिळत नाही. गल्लीतल्या नेटवाल्याला केलेला फोन, त्याला पाठवलेला व्हॉट्सॲपचा निरोप, रस्त्यात गाठून सांगितलेलं ‘चार दिवस झाले रे’, हे कुठल्याच नोंदीत शिरत नाही. तीन दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. कंपनीच्या अहवालात त्या आठवड्यात त्या गल्लीत बिघाड झालेलाच नसतो. उलट जो ग्राहक ग्राहक सेवा केंद्राचा नंबर शोधून, हिंदीत बोलून तक्रार नोंदवतो, त्याला नेटवाला नाराज होऊन विचारतो : वर कशाला सांगितलं, मला सांगायचं ना. धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू बोलणारी, उदगीर-निलंग्याकडे कन्नड बोलणारी, नांदेड शहरात पंजाबी आणि दखनी बोलणारी घरं आहेत. त्यांना आणि मराठी घरांनाही गल्लीतला माणूस सोयीचा वाटतो तो भाषेमुळे आणि ओळखीमुळे. त्यात गैर काही नाही. ती पोरं भर उन्हात खांबावर चढतात, रात्री अकराला फायबर जोडून देतात, आणि कंपनी व ग्राहक दोघांच्याही शिव्या खातात. दोष त्यांच्यावर ढकलणं हा अन्याय होईल. त्यांच्या हातात तक्रार नोंदवण्याचं साधन दिलेलं नाही, दोष इथे आहे.

म्हणून या मागण्या आहेत. स्थानिक माणसाला आलेला फोनही त्याने आपल्या ॲपमधून जागेवर नोंदवावा, ग्राहकाला क्रमांकाचा एसएमएस मराठीत यावा, आणि दुरुस्तीनंतरच्या एसएमएसमध्ये बिघाड कुठे होता हे लिहिलेलं असावं : फायबर, जॉइंट, केंद्र, डबा, वीज, की घरातलं वाय-फाय. सहा शब्दांतला एक निवडायचा आहे. एवढ्यासाठी कुणाचं काम अडणार नाही. वर्षभर अशी नोंद झाली तर लातूरच्या एखाद्या वसाहतीत दर पावसाळ्यात जॉइंटच निकामी होतात की मुलांच्या खोल्यांत चॅनेलच तुंबतात, हे प्राधिकरणाला दिल्लीत बसून दिसेल. आज गुणवत्तेचे आकडे अख्ख्या महाराष्ट्र परिमंडळाचे एकत्र येतात आणि त्यात पुणे-नागपूरच्या बरोबरीने नांदेड मिसळून जातं. आकडे जिल्हावार यावेत.

कनेक्शन देताना एक पानाचा कागद मराठीत मिळावा. त्यावर त्या दिवशी मोजलेली प्रकाशाची पातळी, वायरने आणि वाय-फायने मोजलेला वेग, राउटर एकपट्टी की दुपट्टी, त्याचा पासवर्ड, आणि घरातल्या सगळ्यांत लांबच्या खोलीत मिळालेला वेग लिहिलेला असावा. हा शेवटचा आकडा सगळ्यांत मोलाचा. तो लिहायची वेळ आली की जोडणारा पोरगा आपणहून सांगेल की राउटर शोकेसमध्ये ठेवू नका.

भरपाई मागावी लागू नये. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१९ पासून त्यांच्या नियामकाच्या, ऑफकॉमच्या, योजनेत सामील कंपन्यांकडून दुरुस्तीला दोन पूर्ण कामाचे दिवस उलटून गेले, की भरपाई ग्राहकाच्या खात्यावर आपोआप जमा होते. अर्ज नाही, भांडण नाही. आपला तीन दिवसांचा नियम कागदावर आहेच. तो आपोआप लागू करण्यासाठी एक तारीख ठरवायची आहे, एवढंच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम केले. ही फार चांगली कल्पना मोठ्या शहरांतल्या टॉवरांपुरती राहू नये. लातूरच्या ट्यूशन भागातल्या विद्यार्थ्यांच्या इमारती आणि नांदेडमधली वसतिगृहं यांच्यापासून ती मराठवाड्यात यावी. मजल्यावर चार-पाच वेगळे राउटर लावण्याऐवजी इमारतीतच फायबर फिरवून, चॅनेल वाटून, एकाच व्यवस्थेतून नेट देता येतं, आणि ते घरमालकालाही स्वस्त पडू शकतं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. नीटचा अर्ज, सीईटी कक्षाच्या फेऱ्या, महाविद्यालयांचे पसंतीक्रम, सगळं त्याच खोलीतून भरलं जातं. सोळा वर्षांची मुलगी पसंतीक्रम भरत असताना पान अर्ध्यात लटकलं, तर तिला खोलीबाहेर पडून सायबर कॅफे शोधावा लागतो, तोही परक्या शहरात, अंधारात.

या मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. २०१२ आणि २०२४ च्या नियमांच्या चौकटीत निर्देश काढून त्या अमलात आणता येतील. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आधी एक वर्ष हे करून पाहावं, आणि सुरुवात फेब्रुवारीत व्हावी. मार्चअखेर कूलर लागतील, एप्रिलमध्ये वीज लपंडाव खेळू लागेल, मे-जूनमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतील, आणि पहिल्या वादळात फायबर तुटेल. बिघाडाचे सगळे प्रकार चार-पाच महिन्यांत नोंदीवर येतील.

कळावे,

आपले विश्वासू,
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ब्रॉडबँड ग्राहकांसाठी